स्वस्ताई कोणाच्या पदरात?



रखवालदाराची रात्र बेळगावात लहान आणि पुण्यात मोठी असते काय? प्रश्न वेडगळ वाटेल. रात्र दोन्हीकडे सारखीच. हातातली काठी तीच, बॅटरी तीच, पहाटे तीनच्या सुमारास डोळ्यांवर येणारी झोपही तीच. तरीही महिनाअखेर एकाच्या हातावर जे पडते ते दुसऱ्याच्या हातावर पडत नाही. याचे कारण विचारले तर आपण क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, "तिकडे महागाई आहे हो." हे उत्तर इतके सरळ आणि न्यायाचे वाटते की त्याच्याकडे पुन्हा वळून पाहण्याची गरज आपल्याला भासत नाही. मलाही भासली नव्हती. आज आपण दोघे मिळून त्या उत्तराजवळ थोडे बसू या.

आमच्याकडील एका मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापन समितीवर मी काही वर्षे आहे. तेथे रात्रपाळीला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक मुलगा होता. पगार अकरा हजार. गेल्या दिवाळीनंतर तो समितीपुढे आला आणि पगार वाढवून मागू लागला. त्याच्याच गल्लीतला एक मित्र पुण्यात एका गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावर उभा राहतो. त्याला अठरा हजार मिळतात, असे त्याचे म्हणणे. समितीत हिशेबाचा माणूस म्हणून सगळे माझ्याकडे पाहतात. मी त्याला समजावले, "अरे, तिथलं भाडं किती, खानावळ किती! तुझं घर इथंच, जेवण घरचं. इथले अकरा म्हणजे तिथल्या अठराच्या बरोबरीचेच समज." सर्वांनी माना डोलावल्या. एक सभासद तर म्हणाले, "तुझ्या आईला सरकारचे दोन हजार येतात की आता, वर तांदूळ फुकट." मुलगा जरा वेळ उभा राहिला. मग एवढेच म्हणाला, "घर आज्ज्यानं बांधलेलं हाय, काका." आणि गेला.

त्या वेळी मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. रात्री मात्र वही घेऊन बसलो, कारण मी दिलेला हिशेब खरा आहे हे मला स्वतःलाच पटवायचे होते. त्याच्या मित्राची माहिती फोनवरून काढली. पुण्यात चौघांत मिळून नऊ हजारांची खोली, म्हणजे एकाच्या वाट्याला २,२५०. दोन वेळची खानावळ ३,५००. चहा-नाश्ता १,५००. फोन, बस, साबण-तेल, दाढी-कटिंग मिळून १,५००. आजारपण आणि वर्षातून दोनदा गावी येणे यासाठी बाजूला १,२५०. एकूण दहा हजार. उरले आठ हजार. ते तो घरी पाठवतो. आता आमचा मुलगा. अकरांतून पेट्रोल, फोन, चहा, किरकोळ मिळून तीन हजार गेले, उरलेले आठ हजार तो आईच्या हातावर ठेवतो. तिकडे आठ, इकडेही आठ! खरे सांगतो, मला फार समाधान वाटले. वही मिटणार एवढ्यात लक्षात आले की पुण्याच्या मुलाने पाठवलेल्या आठ हजारांतला एक दाणाही तो स्वतः खात नाही. आमच्या मुलाची आई मात्र त्याच आठ हजारांतून महिनाभर त्याला भाकरी घालते, त्याचा डबा भरते, रात्रपाळीचे कपडे धुते आणि दिवसा तो झोपला असताना घरात कोणी आवाज करू नये म्हणून दारात बसते. वर छप्पर आजोबांचे. माझी बेरीज-वजाबाकी बरोबर होती. फक्त त्या माउलीचे नाव वहीत कोठेच नव्हते.

आपल्याकडील स्वस्ताई, वाचकहो, नेमकी कशाची आहे हे एकदा मोजून पाहा. औषधाच्या पाकिटावर छापलेली किंमत खानापुरात आणि मुंबईत एकच असते. बिस्किटाचा पुडा, साबणाची वडी, फोनचे रिचार्ज यांचेही तसेच. स्वस्त काय असते? खोलीचे भाडे, कटिंग, शिवणकाम, घरपोच दूध, धुणीभांडी, रिक्षा. म्हणजे ज्या वस्तूत दुसऱ्या माणसाचे श्रम किंवा बापजाद्यांची जागा आहे, तीच वस्तू लहान गावात स्वस्त असते. रखवालदाराला कमी दिले तरी चालते, कारण न्हावी स्वस्त आहे. आणि न्हावी स्वस्त आहे, कारण त्याच्याकडे येणाऱ्या रखवालदाराला कमी मिळते. या वर्तुळात कोणीतरी सुखी आहे, पण तो न्हावीही नव्हे आणि रखवालदारही नव्हे.

ही गोष्ट आजची नाही. अॅडम स्मिथ या विचारवंताने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे की त्या काळी लंडनमध्ये मजुराचा दिवसाचा दर अठरा पेन्स होता, काही मैलांवर तो चौदा-पंधरा पेन्सवर येई आणि एडिंबरोत दहाच पेन्स. भाकरी आणि मांस यांचे भाव मात्र देशभर जवळपास सारखे. भाव सारखे होतात, कारण गहू गाडीत घालून नेता येतो. माणसाला मात्र आई, आजारी वडील, शेताचा बांध, देवघर सोडून गाडीत बसावे लागते. म्हणून तो जागचा हलत नाही, आणि तो हलत नाही हे त्याला कामावर ठेवणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

आता कायद्याने आणि सरकारने काय केले ते पाहू; तेथे शिकण्यासारखे आहे. आपल्या राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगाराला निर्वाह वेतन मिळावे, असे राज्याला सांगितले आहे. निर्वाह म्हणजे किती? १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनाने त्याचे माप ठरवले. एका कामगाराच्या मिळकतीवर तीन घटकांचे पोट भरावे: स्वतः तो एक, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. प्रौढाला दिवसाला २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक वसाहतीतील किमान भाड्याइतके घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी किमान वेतनाच्या वीस टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका औषध कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात त्यात भर घातली की मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपणाची आणि लग्नकार्याची तरतूद यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत. ७२ वार कापड मोजणारी ती माणसे मला फार आवडतात. गरिबाच्या अंगावर किती कापड लागते हे कोणीतरी बसून मोजले, ही लहान गोष्ट नाही. तरी या मापातही पत्नी पूर्ण एक नाही हे मनाला खटकतेच. आणि गावाकडे दारात बसलेली आई तर तीन घटकांच्या कोणत्याच रकान्यात नाही.

केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी केलेली व्यवस्था याहून बोलकी आहे. सातव्या वेतन आयोगाच्या पद्धतीत पुण्यातला शिपाई आणि बेळगावातला शिपाई यांचे मूळ वेतन एकच. महागाई भत्त्याचा टक्काही एकच. फरक मुख्यतः घरभाडे भत्त्यात. पन्नास लाखांवर वस्तीची शहरे एका वर्गात, पाच ते पन्नास लाखांची दुसऱ्या, त्याहून लहान गावे तिसऱ्या. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर पहिल्या वर्गात. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे दुसऱ्यात. जानेवारी २०२४ पासून हे भत्ते मूळ वेतनाच्या तीस, वीस आणि दहा टक्के झाले. अठरा हजार मूळ वेतनावर पुण्यात ५,४०० आणि बेळगावात ३,६००. फरक अठराशे रुपयांचा. गोव्यातील गावे वस्तीच्या मापाने तिसऱ्या वर्गात पडतील, म्हणून गोव्याला खास आदेशाने दुसऱ्या वर्गाचा दर दिलेला आहे. खोलीचे भाडे डोकी मोजून ठरत नाही हे सरकारलाही कळले, असे म्हणू या. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सरकारने आपल्या माणसांच्या बाबतीत कामाचे मोल वेगळे ठेवले आणि जागेचा फरक वेगळा मांडला. आम्ही समितीत बसून जागेच्या नावाखाली कामाचेच मोल कापले. आणि बेळगावात घर स्वतःचे आहे म्हणून केंद्राच्या शिपायाचा भत्ता कोणी बंद करत नाही, हेही लक्षात घ्या. घर त्याच्या आजोबांनी बांधले असेल तर तो फायदा त्याचा.

म्हणजे पुण्याच्या सोसायटीने न्याय केला, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांत, १ ऑक्टोबर २०२४ पासून, मोठ्या शहरांच्या 'अ' क्षेत्रात बिनहत्यारी रखवालदाराचा किमान दर दिवसाला ९५४ रुपये ठरला. सव्वीस दिवसांचे २४,८०४ झाले. हा दर खासगी सोसायटीला लागू नसतो, तेथे राज्याचा दर चालतो. पण तुलनेसाठी तो डोळ्यांपुढे ठेवावा. शिवाय तो आठ तासांचा आहे. आमच्या मुलाचा मित्र बारा तास उभा राहतो. अठरा हजारांत चौथा हिस्सा खोलीचा, हे त्याला परवडते, कारण त्याची बायको-मुले त्या खोलीत नाहीत. उद्या त्याने लग्न करून कुटुंब पुण्याला आणले तर नऊ हजारांची ती खोली सगळी त्याच्याच गळ्यात पडेल आणि खानावळीच्या जागी चौघांचा किराणा येईल. मग गावी पाठवायला काय उरेल? म्हणजे पुण्याची सोसायटीही त्याला एकट्याचेच पोट भरेल एवढे देते आणि कुटुंबाचा भार गावाकडच्या स्वस्ताईवर टाकते. इकडे आम्ही म्हणतो, तुझी आई आहे. तिकडे ते म्हणतात, तुझे कुटुंब गावाला आहे. दोन्हीकडे बिल त्याच एका चुलीवर फाडले जाते.

येथे मला आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरण दांपत्याची आठवण होते. आपणा सर्वांना कथा ठाऊक आहे. मारय्या हेही परगावाहून कल्याणला आलेले. महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते ओळखले आणि जास्तीचे होते तेथे परत टाकून या, असे सांगून त्यांना माघारी पाठवले. ही कथा मी अनेक प्रवचनांत ऐकली आहे आणि, कबूल करतो, दोन-तीनदा सांगितलीही आहे. कोणाला सांगितली? पगारवाढ मागणाऱ्यांना. समाधान मानावे, हाव नसावी, कायक हेच सर्वस्व. किती सोयीचा अर्थ! पण कथेत झोळी कोणाच्या हातात आहे ते पाहा. ज्याच्या झोळीत रोजच्याहून जास्त आले त्यालाच लक्कम्मांनी थांबवले. अकरा हजारांवर रात्र काढणाऱ्याच्या झोळीत जास्त काय आले? जास्तीचे तांदूळ आमच्या झोळीत होते. त्याच्या आईने शिजवलेले अन्न आणि त्याच्या आजोबांचे छप्पर आम्ही पगारातून वजा केले आणि ती बचत कार्यालयाच्या शिलकीत दाखवली. वार्षिक सभेत त्या शिलकीचे कौतुकही झाले. आता त्याच कथेतल्या लक्कम्मा आमच्या समितीच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या तर त्या कोणाकडे पाहतील, हे मला चांगले कळते.

दासोहाविषयीही एक शब्द. दासोह म्हणजे आपल्या कायकातून आलेले आपण हाताने देणे. दुसऱ्याच्या घरचे, त्याला न विचारता घेणे, याला दासोह म्हणत नाहीत. त्या मुलाच्या आईने आमच्या कार्यालयाला दरमहा काही देण्याचा संकल्प केलेला नव्हता. आम्ही तो तिच्याकडून परस्पर करवून घेतला. सरकारच्या दोन हजारांची गोष्ट तर याहून वाईट. कर्नाटकात २०२३ मध्ये गृहलक्ष्मी योजना सुरू झाली ती घर चालवणाऱ्या बाईच्या हातात काही यावे म्हणून. मंगल कार्यालयाच्या पगारपत्रकाला टेकू म्हणून ती सुरू झालेली नाही. फुकटच्या तांदळाचेही तेच. पोटाला आधार म्हणून दिलेले धान्य मालकाने पगारातून वळते करून घेतले तर ते धान्य शेवटी कोणाच्या घरी गेले?

आता एक आक्षेप, आणि तो खोटा नाही. लहान गावातल्या संस्थेचे उत्पन्नच कमी. आमच्या कार्यालयाचे एका लग्नाचे भाडे पुण्याच्या कार्यालयाच्या मानाने काहीच नाही. पुण्याचा पगार द्यायचा तर टाळे लावावे लागेल. हे मी मानतो. सर्व शहरांत एकच पगार असावा, असा माझा हट्ट नाही. माझे म्हणणे एवढेच की "आम्हाला जमत नाही" आणि "तुला लागत नाही" ही दोन निराळी वाक्ये आहेत. पहिले वाक्य बोलणाऱ्याला आपला जमाखर्च उघडून दाखवावा लागतो. दुसरे बोलणारा समोरच्याचे स्वयंपाकघर उघडून बघतो. पहिल्या वाक्यात लाज आहे, म्हणून ते खरे असण्याचा संभव अधिक. आमच्या समितीने पहिले वाक्य कधी उच्चारलेच नाही, कारण ते उच्चारले असते तर त्याच वर्षी दर्शनी भागाला बसवलेल्या दगडाचा खर्च त्याच्यासमोर आला असता.

दुसरा आक्षेप माझ्या घरातूनच आला. सौभाग्यवती म्हणाल्या, "पण तो आईजवळ राहतो, सणाला घरी असतो, हे काहीच नाही का? पुण्याच्या पोराला ते कुठून मिळणार?" खरे आहे. ते सुख मोठे आहे आणि कोणत्याही शहराच्या खर्चाच्या तक्त्यात ते येत नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या वाचकांना हे मी काय सांगावे. ज्यांचे पूर्वज नोकरीसाठी गाव सोडून गेले त्यांना त्याचे मोल अधिक ठाऊक. पण ते सुख त्याचे आहे. त्याने आईजवळ राहण्याचा निर्णय घेतला, त्याची किंमत आम्ही का वसूल करावी? मी हे बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मीटिंगमध्ये सांगा की हे."

सांगितले. पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी विषय पुन्हा घेतला. माझाच आधीचा हिशेब चुकीचा होता, असे म्हणून नवा मांडला. पगार साडेचौदा करावा, आठ तासांपुढचे काम वेगळे धरावे, असे सुचवले. खजिनदार म्हणाले, एकाला दिले की झाडूवाली मावशीही मागणार. मी म्हटले, मागू दे, तिचाही हिशेब आपण असाच केलेला आहे. यावर थोडी शांतता झाली. एका तरुण सभासदाने पाठिंबा दिला. अध्यक्षांनी विषय लग्नसराईनंतर घेऊ, असे सांगितले. इतिवृत्तात तशी नोंद झाली.

लग्नसराई संपण्यापूर्वीच तो मुलगा रात्रीच्या बसने पुण्याला गेला. जाण्याआधी पाया पडायला घरी आला होता. मी त्याला खोलीचे विचारले. मित्राच्याच खोलीत पाचवा म्हणून जातोय, असे म्हणाला. त्याच्या आईला मी परवा बाजारात पाहिले. "एकटीचं काय करायचं शिजवून," असे काहीसे त्या भाजीवालीशी बोलत होत्या. मी पुढे झालो नाही.

कार्यालयात आता नवा माणूस आहे. साडेदहा हजारांवर आला. खानापूर रस्त्याला त्याचे घर आहे, जेवण घरचे, असे खजिनदारांनी बैठकीत सांगितले.